परदेशी वैद्यकीय पदवी आणि पुढील वाटचाल

(महाजन मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्यांची कुलदैवते गोमंतकात आहेत आणि ज्यांची घरेदारे, दुकाने व नोकऱ्या बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात आहेत, अशा कुटुंबांना सीमा म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही मंडळी चोर्ल्याचा घाट किंवा कॅसलरॉकचा रेल्वेमार्ग ओलांडून जत्रेला जात आली. माणसाने सीमा ओलांडली म्हणजे त्याचे कपडे, भाषा, नाव बदलत नाही. परंतु त्याच्याजवळच्या कागदाची किंमत मात्र बदलते. आजचा विषय या कागदाचा आहे. परदेशात वैद्यक शिकून आलेल्या डॉक्टरांचे पुढे काय होते, हा प्रश्न आज अनेक महाजन घरांच्या माजघरात बसलेला आहे आणि त्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. म्हणून तो येथे मांडणे उचित ठरेल.

प्रथम थोडे मागे पाहिले पाहिजे. पणजीची वैद्यकीय शाळा, जिला जुनी मंडळी एस्कोला मेदिका म्हणत, ती १८४२ साली स्थापन झाली. पणजीच्या लिसेवातून उत्तीर्ण झालेला मुलगा त्या शाळेत प्रवेश घेई आणि पुढे गोमंतकात डॉक्टर म्हणून मान्यता पावे. परंतु त्याच डॉक्टरास पोर्तुगालात पूर्ण दर्जाने व्यवसाय करावयाचा झाल्यास तेथे जाऊन आणखी अभ्यास व परीक्षा कराव्या लागत. आणि घाट चढून बेळगावास यावे, तर इकडे राज्य इंग्रजांचे. येथे पणजीची पदवी ही परक्या राजवटीची पदवी. म्हणजे गोमंतकातील एका डॉक्टराची एकच पदवी पणजीत पूर्ण, लिस्बनमध्ये अपुरी आणि बेळगावात परकी, अशी तीन ठिकाणी तीन मोलांची ठरे. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ साली त्या शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज होऊन ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले, आणि ही अडचण संपली. परंतु तिच्यातून मिळणारा बोध संपलेला नाही. पदवी ही ज्ञानाची खूण असते. व्यवसायाचा अधिकार मात्र त्या त्या देशाची नोंदवही देते. हा भेद लक्षात न घेतल्याने आज किती तरी घरे अडचणीत आली आहेत.

परदेशात शिकून परत येण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. त्यांची नेमणूक कोठे झाली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती झाली होती निपाणीपासून हाकेच्या अंतरावरील कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर. आज ज्यास सी.पी.आर. म्हणतात तेच हे रुग्णालय. सीमाभागातील किती तरी रुग्ण आजही तेथे जातात. क्षयाने आनंदीबाईंना त्या खुर्चीवर बसू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या निवर्तल्या. पदवी होती, नेमणूक होती, परंतु काम घडले नाही. त्यांच्या पाठोपाठ रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. एकीच्या पदवीचा गौरव इतिहासाने केला. दुसरीच्या पदवीचा उपयोग हजारो बाळंतिणींना झाला. दोन्ही गोष्टी वंदनीय आहेत, परंतु मुलांपुढे आदर्श ठेवताना दुसरीचा विसर पडू नये.

बेळगाव जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे नाव घेतले पाहिजे. १८८९ साली विजापूर जिल्ह्यात जन्मलेले हर्डीकर कलकत्त्यास वैद्यक शिकले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथे लाला लजपतराय यांच्या सहवासात ते स्वराज्याच्या कार्यात ओढले गेले. १९२१ मध्ये परतल्यावर त्यांना मोठा दवाखाना थाटता आला असता. त्यांनी हिंदुस्तानी सेवा दल उभारले. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वयंसेवकांची शिस्त देशाने पाहिली. पुढे त्यांच्या उत्तरायुष्याशी घटप्रभेच्या आरोग्यधामाचे नाव जोडले गेले, आणि तेथेच १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. परदेशी शिक्षणाने माणसाची बढती होते म्हणतात. हर्डीकरांची बढती पैशात मोजता येत नाही, इतकेच.

तिसरे उदाहरण गोमंतकाशी नाते सांगणाऱ्या प्रत्येक घरास आपले वाटावे असे आहे. शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हुबळीला शाळा शिकले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, तेथेच एम.डी. झाले, आणि त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये एफ.आर.सी.एस. मिळवून परत आले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ मध्ये जगापुढे मांडलेली टाक्याची शस्त्रक्रिया आज जगभर शिरोडकरांच्या नावाने ओळखली जाते. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिरोडकरांनी पाया घरी घातला आणि कळस परदेशात चढविला. रुग्णाला हात लावण्याचे पहिले शिक्षण त्यांनी आपल्या भाषेच्या, आपल्या रोगांच्या रुग्णांवर घेतले होते.

आज परदेशी जाणाऱ्या बहुसंख्य मुलांची वाट याच्या उलट आहे. ती पाया घालण्यासाठीच परदेशी जातात. असे का होते, याचे उत्तर कठीण नाही. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मिरजेत १९६२ पासून सरकारी महाविद्यालय आहे. कोल्हापुरातही सोय आहे. तथापि सरकारी जागा मोजक्या, खासगी जागांचे शुल्क आवाक्याबाहेर, आणि सीमाभागातील मुलाची अधिवासाची अडचण निराळीच. तो राहतो कर्नाटकात, पण अनेकदा मराठी शाळेत शिकलेला असतो. महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मुलांसाठी काही जागा राखल्या आहेत, त्यांची माहितीदेखील पुष्कळ घरांना वेळेवर नसते. मग वर्तमानपत्रातील जाहिरात समोर येते, एखादा दलाल घरी चहाला येतो, आणि रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाईन्स ही नावे तंबाखूच्या वखारीत बसलेल्या बापाच्या तोंडी रुळतात.

एका घराचे उदाहरण समजा. नाव देण्याचे कारण नाही, कारण अशी घरे प्रत्येक गावात आहेत. निपाणीतील एक लहान व्यापारी. मुलगा हुशार, नीट परीक्षेत पात्र ठरला, परंतु सरकारी जागेपुरते गुण नव्हते. घरच्या जमिनीचा एक तुकडा विकला, उरलेल्यावर कर्ज काढले आणि मुलगा गेला. पहिल्या वर्षी जत्रेत महाजनांनी कौतुक केले, ‘घरात डॉक्टर झाला’ म्हणून पेढे वाटले गेले. सहा वर्षांनी मुलगा पदवी घेऊन परतला. त्यानंतर दोन वर्षे तो जत्रेला आलाच नाही. पालखीबरोबर बाप एकटा चालत होता, आणि कोणी विचारले की ‘मुलगा आता कोठे असतो?’ तर ‘अभ्यास चालू आहे’ एवढेच सांगून पुढे जात होता.

हा ‘अभ्यास’ म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. परदेशातून प्राथमिक वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीय नागरिकास येथे नोंदणी मिळविण्यासाठी चाळणी परीक्षा देण्याचा नियम २००२ पासून लागू झाला. ही परीक्षा एफएमजीई या नावाने ओळखली जाते आणि वर्षातून दोनदा होते. तीनशे प्रश्न, तीनशे गुण, आणि उत्तीर्ण होण्यास दीडशे गुण. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु जून २०२४ च्या सत्रात पाच उमेदवारांतून सुमारे एकच उत्तीर्ण झाला. त्या मुलाला पहिल्या वेळी १३८ गुण मिळाले, दुसऱ्या वेळी १४४ मिळाले, असे समजा. सहा गुणांनी सहा महिने गेले. बाहेरचा माणूस म्हणतो, ‘नापास’. परंतु ज्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे त्याला त्या सहा गुणांचे वजन कळते.

काही पालक या परीक्षेला अन्याय म्हणतात. शांतपणे पाहिले तर तसे म्हणता येत नाही. प्रत्येक देश आपली नोंदवही अशीच राखतो. इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलने १९३० साली भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. त्या अपमानातूनच येथे १९३३ चा कायदा होऊन भारतीय वैद्यक परिषद उभी राहिली. मान्यता पुन्हा मिळाली आणि १९७५ मध्ये पुन्हा गेली. तेव्हापासून इंग्लंडला जाणाऱ्या भारतीय डॉक्टरास तेथील परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत तर येथील अनुभवी डॉक्टरासही परीक्षा देऊन निवासी डॉक्टर म्हणून पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते. जे पुण्याच्या पदवीधराला न्यूयॉर्कमध्ये करावे लागते, तेच परदेशातील पदवीधराला बेळगावात करावे लागते. दुःख परीक्षेचे नाही. दुःख याचे, की पैसे भरण्यापूर्वी हे कोणी नीट सांगितलेले नसते.

आणि परीक्षेत अडण्याची खरी कारणे कोणती? बुद्धी हे कारण क्वचित असते. वर्गातील शिकवणी इंग्रजीत असली तरी रुग्णालयातील रुग्ण रशियन किंवा तेथील भाषा बोलतो. विद्यार्थी त्याच्या खाटेजवळ उभा राहतो, पण त्याच्याशी बोलू शकत नाही. वैद्यकातील अर्धे निदान रुग्णाच्या बोलण्यातून होते, असे जुने डॉक्टर सांगतात. शिवाय रोगही निराळे. निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या धुळीत उभे आयुष्य काढलेल्या बायकांचा खोकला, खानापूरच्या जंगलकाठचा ताप, हे तेथे दिसत नाहीत. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर भागात ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पोहोचला. काजूच्या बागेत कामाला गेलेल्या मजुराला ताप आला तर ‘तू कोठे गेला होतास?’ हा प्रश्न मराठीत, कोकणीत किंवा कन्नडमध्ये विचारता आला पाहिजे. हे ज्ञान परदेशी ग्रंथात तळटिपेत असते. येथे ते पहिल्या ओळीत लागते.

२०२२ सालाने आणखी एक धडा दिला. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा तेथे हजारो भारतीय विद्यार्थी होते. १ मार्च २०२२ रोजी खारकिव्ह शहरात हावेरी जिल्ह्यातील चळगेरी गावचा एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. त्याचे पार्थिव तीन आठवड्यांनी गावी आले, आणि आईवडिलांनी ते दावणगेरेच्या वैद्यकीय महाविद्यालयास शिक्षणासाठी दान केले. जो मुलगा येथे शिकू शकला नाही, त्याचा देह अखेर येथील विद्यार्थ्यांना शिकवून गेला. त्या मातापित्यांपुढे नतमस्तक व्हावे, याहून अधिक काही बोलणे योग्य होणार नाही. जे परतले त्यांचे शिक्षण अर्धवट लटकले. अंतिम वर्षात असताना परतावे लागलेल्या व ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण झालेल्यांना चाळणी परीक्षेनंतर एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता करण्याचा नियम त्या वर्षी जुलैमध्ये झाला.

म्हणून घरातील मुलगा वा मुलगी जाण्यापूर्वीच काही गोष्टी तपासाव्यात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी यासंबंधी नियम केले आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा. तो इंग्रजी माध्यमातून असावा. त्याशिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता झालेली असावी. ज्या देशात शिक्षण झाले त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणेच व्यवसाय करण्याची नोंदणी त्या पदवीवर मिळत असावी. शिक्षणाचा कोणताही भाग तिसऱ्या देशात उरकलेला नसावा. सर्व काही दहा वर्षांच्या आत पूर्ण व्हावे. त्यानंतर भारतात पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता. आणि मुळात नीट परीक्षेत पात्रता हवीच. यांपैकी एकही दुवा तुटला तर पदवी भिंतीवर टांगण्यापुरती उरते. दलालाने दिलेल्या रंगीत पुस्तिकेवर विसंबू नये; आयोगाचा मूळ नियम कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

वर्षांचा हिशेबही कागदावर मांडावा. अठराव्या वर्षी गेलेला विद्यार्थी साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची आंतरवासिता करून चोविसाव्या वर्षाच्या सुमारास परततो. चाळणी परीक्षा पहिल्याच वेळी झाली आणि येथील आंतरवासितेची जागा लगेच मिळाली, तर पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षी कायम नोंदणी. पुढे पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांनी तो तिशीस टेकतो. प्रत्येक अपयश यात सहा महिन्यांची भर घालते. कर्जाची परतफेड या हिशेबाने बांधावी, दलालाच्या हिशेबाने नव्हे.

नोंदणी झाल्यानंतर मात्र कायदा भेद करीत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. तो खासगी रुग्णालयात निवासी डॉक्टर होऊ शकतो, सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पदासाठी अर्ज करू शकतो, पदव्युत्तर नीट देऊन एम.डी. वा एम.एस. होऊ शकतो, डी.एन.बी. करू शकतो, गावी दवाखाना काढू शकतो. भेद राहतो तो समाजाच्या नजरेत, आणि तोही चांगल्या कामाने काही वर्षांत पुसला जातो. रुग्ण पहिल्या भेटीत भिंतीवरची पदवी पाहतो. दुसऱ्या भेटीपासून गुण आला की नाही तेवढेच पाहतो.

याच ठिकाणी एक कडक शब्द आवश्यक आहे. नोंदणी नसताना ‘तात्पुरते’ म्हणून एखाद्या दवाखान्यात रुग्ण तपासू लागणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितले आहेत. चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होताच नोंदणी मिळविल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने देशातील ७३ परदेशी पदवीधरांविरुद्ध गुन्हा नोंदविला. कर्ज फिटेल, सहा गुण मिळतील. परंतु एकदा डागाळलेले नाव पुन्हा स्वच्छ करणारी परीक्षा अद्याप निघालेली नाही.

शेवटी महाजन मंडळाच्या कर्तव्याविषयी. देवस्थानची संस्था म्हणजे केवळ जत्रेचा हिशेब आणि पालखीचा मान नव्हे. पूर्वी शिकणाऱ्या मुलांना वार लावून जेवू घालणारी हीच घरे होती. आज वाराची गरज उरली नाही. गरज वेगळी आहे. परीक्षेच्या तयारीसाठी बेळगावात शांत खोली, पुस्तके, वीज आणि एक वेळचा डबा मिळाला तर दुसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाचे निम्मे ओझे हलके होईल. महाजनांत जे अनुभवी डॉक्टर आहेत त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांना दिली, तर जे परदेशात खाटेजवळ उभे राहून समजले नाही ते येथे समजेल. प्रवेशापूर्वी पालकांना खरी माहिती देणारी दोघा-तिघांची समिती नेमता येईल; तिला खर्च काहीच नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी, पण सर्वांत अवघड: जत्रेच्या गर्दीत त्या बापाला ‘मुलगा कोठे असतो?’ असे विचारण्याऐवजी ‘मुलाला घेऊन या’ एवढेच म्हणावे.

निपाणीच्या त्या समजलेल्या घराची गोष्ट येथे पुरी करावयास हवी. तिसऱ्या खेपेस त्या मुलाला १६१ गुण मिळाले, असेही समजावयास हरकत नाही. कारण पुष्कळांना ते खरोखर मिळतात. तो आता कोठे तरी आंतरवासिता करीत असेल आणि रात्रपाळीत एखाद्या विडीकामगार बाईला मराठीत आणि मोडक्या कन्नडमध्ये विचारीत असेल, ‘खोकला केव्हापासून आहे, आजी?’ आनंदीबाईंच्या वाट्याला जी खुर्ची आली नाही, तिच्याजवळ तो पोहोचला आहे. त्याला तेथवर पोहोचविण्यात या मंडळाचा थोडा हात असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हे भाषण संपविणे योग्य होईल.